खाटेवरून खुर्चीत : म्हाताऱ्या माणसांच्या व्यायामाची जुनी लढाई

मंडळी, इथे ‘खुर्ची’ हा शब्द आला की राजकारणाचाच विषय असणार, असं तुम्ही धरून चालता. आजही विषय खुर्चीचाच आहे, पण साध्या खुर्चीचा. घरात असते ती, चार पायांची, पाठ असलेली. ही खुर्ची डॉक्टरांनी एकेकाळी औषधासारखी वापरली, त्यासाठी सहकाऱ्यांचा राग ओढवून घेतला आणि शेवटी बरोबर ठरले. हा इतिहास आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही. माहीत नसल्याची किंमत मात्र आपल्या घरातली म्हातारी माणसं रोज मोजताहेत.

सुरुवात घरापासून करतो, कारण माझं डोकं तिथंच ठिकाणावर आलं.

आई बाथरूममध्ये घसरून पडली तेव्हा एकोणऐंशी वर्षांची होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, चांगलं झालं. घरी आणली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिला पलंगावर ठेवली. हो, ठेवलीच. पाणी हातात, जेवण हातात, चहा हातात. ती उठायला लागली की कुणीतरी ओरडायचं, “आई, तू पडून राहा ना, काय हवंय ते सांग!” भेटायला येणारी प्रत्येक मावशी, काकू जाताना बजावून जायची, “आयुष्यभर राबलीस, आता आराम कर.” तीन महिन्यांनी हाड जुळलं होतं, पण आईला पलंगाच्या कडेवरून स्वतःच्या बळावर उठता येत नव्हतं. तिच्या मांड्या माझ्या दंडाएवढ्या झाल्या होत्या.

मग एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आली. तिनं काही मशीन आणलं नाही. जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून भिंतीला टेकवून ठेवली, आईला तिच्यावर बसवलं आणि म्हणाली, “आजी, आता या पायानं समोरच्या मला लाथ मारायची. हळू. गुडघा सरळ करायचा, पाच मोजायचं, खाली आणायचा.” आई हसली. पाय चार बोटं वर गेला आणि थरथरत खाली आला. त्या दिवशी तिला पाच वेळा जमलं.

पुढची गोष्ट शेवटी सांगतो. पण तेव्हा मला प्रश्न पडला की ‘आराम कर’ हा सल्ला इतका पक्का कुठून आला? आणि तो चुकीचा आहे हे कुणाला, कधी कळलं? त्यावर वाचलं ते इथे मांडतोय.

*आरामाचं राज्य*

म्हाताऱ्या माणसानं झेपेल तेवढा व्यायाम करावा, ही कल्पना नवी अजिबात नाही. रोमन वक्ता सिसेरो यानं इसवी सनपूर्व ४४ मध्ये म्हातारपणावर जो ग्रंथ लिहिला, त्यात बेताचा व्यायाम आणि बेताचं खाणं यांचा पुरस्कार आहे. नंतर गॅलेन या वैद्यानंही वृद्धांच्या व्यायामाचा विचार केला. १८१३ मध्ये स्टॉकहोममध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी सरकारी व्यायामसंस्था काढली. तिथे रोग्यांसाठी वेगळा व्यायाम शिकवला जायचा : उभ्यानं, आडवं पडून आणि बसूनसुद्धा. एकानं हालचाल करायची आणि दुसऱ्यानं हातानं विरोध द्यायचा, अशी पद्धत.

लिंग यांच्याच परंपरेतले डॉक्टर गुस्ताव झांडर यांनी पुढे विरोध देणाऱ्या माणसाच्या जागी यंत्र आणलं. १८६५ मध्ये त्यांनी स्टॉकहोममध्ये संस्था उघडली. लाकूड आणि लोखंडाची यंत्रं, त्यांना वजनं आणि तरफा. रोग्यानं आसनावर बसायचं, पाय किंवा हात अडकवायचा आणि ठरलेल्या वजनाविरुद्ध हलवायचा. आज जिममध्ये बसून पाय उचलायचं जे मशीन दिसतं, त्याचे हे पणजोबा. झांडरच्या संस्था युरोप-अमेरिकेत पसरल्या. पण बऱ्याच ठिकाणी त्या पैसेवाल्यांच्या विश्रामस्थळांवर राहिल्या. गरीब म्हाताऱ्याच्या वाट्याला काही आलं नाही.

त्याच सुमारास वैद्यकातला दुसरा प्रवाह जोर धरत होता. १८६३ मध्ये जॉन हिल्टन या इंग्रज शल्यचिकित्सकाचं विश्रांती आणि वेदना या विषयावरचं पुस्तक आलं. दुखऱ्या भागाला विश्रांती दिली की शरीर स्वतः दुरुस्ती करतं, हा त्याचा गाभा. ज्या काळात प्रतिजैविकं नव्हती, त्या काळात यात तथ्यही होतं. पण हळूहळू दुखऱ्या भागाची विश्रांती म्हणजे अख्ख्या माणसाची विश्रांती झाली. बाळंतीण झोपून, हर्नियाचा रोगी झोपून, हृदयविकाराचा रोगी तर चार-सहा आठवडे झोपून. आणि म्हातारा माणूस? तो कायमचाच झोपून.

*७१४ खाटा आणि एक बाई*

आता १९३५ सालच्या लंडनमध्ये या. वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाला शेजारची एक जुनी इमारत जोडली गेली. ती होती गरिबांच्या कायद्याखाली चालणारी आजारघराची इमारत. तिथे ७१४ खाटा होत्या. त्यांवर मुख्यतः म्हातारी, अपंग, पक्षाघात झालेली, कुणाला नको असलेली माणसं. बरीचशी वर्षानुवर्षं पडून. त्यांना नेमका काय आजार आहे, हे बऱ्याच वेळा कुणी तपासलेलंच नव्हतं. ‘जुनाट’ असा शिक्का मारला की काम संपत होतं.

या वॉर्डांची जबाबदारी मार्जरी वॉरन या डॉक्टर बाईंकडे आली. वैद्यकातल्या हुशार माणसाला हे काम नको असायचं, त्यात ना कीर्ती ना पैसा. वॉरनबाईंनी एक साधी गोष्ट केली : प्रत्येकाला तपासलं. कोण खरंच उठू शकत नाही आणि कोण केवळ निजवून ठेवल्यामुळे उठेनासा झालाय, याची वर्गवारी केली. मग वॉर्डात उजेड आणला, रंग दिला, धरायला आधार बसवले आणि माणसांना खाटेवरून खाली काढायला सुरुवात केली. आधी खाटेच्या कडेला बसवायचं. मग खुर्चीत. खुर्चीत हातापायांचे व्यायाम. मग धरून उभं करायचं. मग चालवायचं.

बरेच जण उठले. काही घरी गेले, काही वृद्धाश्रमात गेले. ७१४ खाटांची गरज २४० वर आली आणि उरलेली जागा दुसऱ्या रोग्यांना मिळाली. १९४३ आणि १९४६ मध्ये त्यांनी लेख लिहून मांडलं की म्हाताऱ्यांच्या आजारांची स्वतंत्र वैद्यकशाखा हवी. ब्रिटनमध्ये त्यांना या शाखेची आई मानतात ते त्यामुळे.

हे वाचताना एक गोष्ट मनात राहिली. वॉरनबाईंनी नवं औषध शोधलं नव्हतं. जी माणसं ‘संपली’ म्हणून सोडून दिली होती, त्यांना त्यांनी फक्त बसवून बघितलं.

दुसऱ्या महायुद्धात खाटा कमी पडल्या आणि ऑपरेशननंतर माणसांना लवकर उठवणं भागच पडलं. उठलेले मेले नाहीत, उलट लवकर बरे झाले. मग डिसेंबर १९४७ मध्ये रिचर्ड ॲशर या लंडनच्याच डॉक्टरनं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक गाजलेला लेख लिहिला. विषय : अंथरुणात पडण्याचे धोके. डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयव घेऊन त्यांनी दाखवलं की पडून राहिल्यानं काय काय बिघडतं. फुप्फुसात कफ साठतो, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला व्रण पडतात, स्नायू झिजतात, सांधे आखडतात, हाडांतलं कॅल्शियम जातं, पोट साफ होत नाही आणि मन खचतं. लेख खुसखुशीत आहे, पण यादी आजही तशीच्या तशी लागू आहे.

*खुर्चीनं केलेलं बंड*

खुर्चीचा खरा मोठा विजय झाला तो हृदयविकाराच्या वॉर्डात.

१९५० च्या सुमारास हार्ट अटॅक आलेल्या माणसाला आठवडेच्या आठवडे ताठ झोपवून ठेवायचे. कूस बदलायचीही मदतीनं, जेवायचंही दुसऱ्याच्या हातानं. बॉस्टनमधले नामवंत हृदयतज्ज्ञ सॅम्युअल लीव्हाइन यांना शंका आली की हे झोपणंच हृदयावर बोजा टाकतंय. आडवं पडलं की पायांतलं रक्त छातीकडे परततं आणि थकलेल्या हृदयाला जास्त काम पडतं. बसवलं तर भार हलका होतो. त्यांनी बर्नार्ड लाऊन या तरुण सहकाऱ्याला सोबत घेतलं आणि रोग्यांना पहिल्या काही दिवसांतच उचलून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली. शिकाऊ डॉक्टरांना आणि परिचारिकांना वाटलं, हा तर खुनाचाच प्रकार आहे! विरोध झाला. पण रोगी दगावले नाहीत, उलट त्यांना बरं वाटू लागलं. १९५२ मध्ये ८१ रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध झाला, ‘आरामखुर्ची उपचार’ या नावानं. पुढच्या काही दशकांत सक्तीचं अंथरूण जगभरातून मागे पडलं.

हेच बर्नार्ड लाऊन पुढे अण्वस्त्रविरोधी डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे सहसंस्थापक झाले. त्या संघटनेला १९८५ चा शांततेचा नोबेल मिळाला.

पडून राहण्याची किंमत किती, याचा सगळ्यात बोलका पुरावा मात्र तरुणांकडून आला. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसमध्ये विशीतल्या पाच धडधाकट मुलांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं. त्यांची दम धरण्याची ताकद एवढी घसरली की संशोधक चक्रावले. तीस वर्षांनी, हीच माणसं पन्नाशीची झाल्यावर, त्यांना पुन्हा तपासलं. निष्कर्ष ऐका : तीस वर्षांच्या वयानं जेवढी ताकद गेली, त्याहून जास्त ताकद विशीत तीन आठवडे झोपून गेली होती.

पुन्हा वाचा. तीन आठवडे. विशीतली पोरं. आणि आपण ऐंशीच्या आईला तीन महिने झोपवतो आणि त्याला सेवा म्हणतो.

*नव्वदीत वजनं*

उठून बसणं ठीक, पण बसून व्यायाम केल्यानं गेलेली ताकद परत येते का? त्यातही नव्वदीत? बहुतेकांचं उत्तर होतं, नाही. या वयात स्नायू काही ऐकत नाहीत.

१९९० मध्ये मारिया फियातारोन आणि सहकाऱ्यांनी बॉस्टनमधल्या एका वृद्धसंस्थेतल्या दहा माणसांवर प्रयोग केला. सरासरी वय ९०. अशक्त, अनेक आजार असलेली माणसं. त्यांना आठवड्यातून तीनदा बसवून पायानं वजन उचलायला लावलं. वजन नावापुरतं ठेवलं नाही, त्यांच्या ताकदीच्या मानानं चांगलं जड ठेवलं आणि वाढवत नेलं. आठ आठवड्यांनी, ज्या नऊ जणांनी कार्यक्रम पुरा केला, त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे पावणेतीनपट झाली. चालण्याचा वेग सुधारला. दोघांनी काठी सोडली.

मग व्यायाम थांबवला आणि चार आठवड्यांत मिळवलेल्या ताकदीतला मोठा हिस्सा गेला.

या प्रयोगातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, नव्वदीतही स्नायू ऐकतो. दुसरी, तो रोजच्या रोज सांगावं लागतं तेव्हाच ऐकतो. डॉक्टरनं दहा दिवस फिजिओ लिहून दिलं, पॅकेज संपलं, विषय संपला, असं हे काम नाही. चालू ठेवायला माणसं लागतात, जागा लागते, वेळ लागते. म्हणजेच हा प्रश्न घराचा राहत नाही, गावाचा होतो.

याच काळात खुर्ची तपासणीचं साधनही झाली. १९९४ मध्ये जॅक गुराल्निक आणि सहकाऱ्यांनी पाच हजारांहून जास्त वृद्धांवर तीन साध्या चाचण्या केल्या : तोल, थोडं चालणं, आणि हात छातीशी घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठणं-बसणं. आज स्वतःचं सगळं स्वतः करणाऱ्या माणसांमध्येसुद्धा, पुढे कोण परावलंबी होणार याचा अंदाज यावरून येतो, हे नंतर दिसून आलं. महागडं स्कॅन नाही, रक्ततपासणी नाही. एक खुर्ची आणि एक घड्याळ.

*रेडिओ, टीव्ही आणि जपानचं कोची*

आता प्रश्न असा की हे लाखो लोकांपर्यंत न्यायचं कसं?

अमेरिकेत मेरी ॲन विल्सन या परिचारिकेनं १९८७ मध्ये सार्वजनिक टीव्हीवर बसून करायच्या व्यायामाचा कार्यक्रम सुरू केला. त्यांना स्वतःला लहानपणी पोलिओ झालेला होता आणि मोठेपणी त्याचा त्रास पुन्हा उलटला होता. जोरात नाचून-उड्या मारून व्यायाम करायची तेव्हा लाट होती, त्यात म्हाताऱ्यांना जागाच नव्हती. त्यांनी खुर्ची मांडली, आणि कार्यक्रम अनेक वर्षं चालला.

जपानची गोष्ट आणखी मोठी आहे. तिथे १ नोव्हेंबर १९२८ पासून रेडिओवरून सामूहिक व्यायाम सुरू झाला. कल्पना होती टपाल खात्याच्या विमा विभागाची. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचा रेडिओ-व्यायाम पाहून त्यांना ती सुचली. हिशेब सरळ होता : लोक जास्त जगले तर विम्याचा फायदा. युद्धकाळात या व्यायामाला लष्करी वळण लागलं, युद्धानंतर तो बंद पडला आणि १९५१ मध्ये नव्या रूपात पुन्हा आला. १९९९ मध्ये, आंतरराष्ट्रीय वृद्ध वर्षाच्या निमित्तानं, सगळ्यांना जमेल असा नवा व्यायामसंच आला. उभ्यानंही करा, खुर्चीत बसूनही करा. आजही तिथल्या टीव्हीवरच्या व्यायामात उभ्या मुलींच्या शेजारी एकजण खुर्चीवर बसून तेच व्यायाम करून दाखवते. बसलेल्याला वेगळ्या, ‘बिचाऱ्यांच्या’ कार्यक्रमात ढकललेलं नाही. तोच कार्यक्रम, तीच गाण्याची चाल, तीच वेळ. हे मला फार आवडलं.

आणि मग कोची. केरळमधलं नव्हे, जपानच्या शिकोकू बेटावरचं. तरुण बाहेर गेलेले, म्हातारे मागे राहिलेले, असा तो भाग. आपल्या कोकणातल्या किंवा साताऱ्याच्या डोंगराळ पट्ट्यातल्या गावांसारखाच म्हणा. २००२ मध्ये कोची महापालिकेनं एक व्यायामसंच तयार केला. नावाचा अर्थ साधारण ‘टवटवीत शंभरी’ असा होतो. अमेरिकेतल्या सरकारी वृद्धत्व-संस्थेनं सुचवलेल्या व्यायामांवर तो बेतलेला आहे. मनगटाला आणि घोट्याला पट्टे बांधायचे, त्यांत छोट्या कांड्या घालून वजन हळूहळू वाढवायचं, जास्तीत जास्त २.२ किलो. मग खुर्चीत बसून हात वर, गुडघा सरळ, खुर्चीवरून सावकाश उठणं-बसणं, आणि जमेल त्यानं खुर्चीची पाठ धरून पाय मागे-बाजूला.

यातली खरी हुशारी व्यायामात नाही, व्यवस्थेत आहे. महापालिकेनं वजनं दिली, चित्रफीत दिली, सुरुवातीला शिकवायला माणूस दिला आणि बाजूला झाली. गट चालवायचे म्हाताऱ्यांनीच. जागा त्यांनीच शोधायची, खुर्च्या त्यांनीच मांडायच्या, आज कोण आलं नाही म्हणून चौकशीही त्यांनीच करायची. कोचीतून ही कल्पना जपानभर गेली.

*आपल्याकडे*

आता तुम्ही म्हणाल, परदेशाचं कौतुक पुरे. आपलं काय?

आपल्याकडे व्यायामाची परंपरा दांडगी. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार घरोघरी नेले. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढून योगाला प्रयोगशाळेत नेलं. पण आपल्या आखाड्या-तालमींच्या कल्पनेतला माणूस तरुण, धडधाकट आणि बहुतेक वेळा पुरुष होता. म्हाताऱ्यांनी बघायचं, शाबासकी द्यायची.

खुर्चीपुरतं बोलायचं तर आपल्या पुण्याचं नाव मात्र जगात मोठं आहे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले आणि २०१४ मध्ये जाईपर्यंत इथलेच राहिले. विटा, पट्टे, दोऱ्या, उशा यांचा आधार देऊन आजारी, ताठरलेल्या, वयस्कर शरीरालाही आसनं करायला लावायची, ही त्यांची रीत. त्यातलंच एक साधन म्हणजे घडीची लोखंडी खुर्ची, पाठीचा पत्रा काढलेली. १९७५ मध्ये उघडलेल्या शिवाजीनगरच्या त्यांच्या संस्थेतली ती खुर्ची आज जगभरातल्या अय्यंगार वर्गांत दिसते. १९५८ मध्ये बेल्जियमच्या ऐंशी ओलांडलेल्या राजमाता एलिझाबेथ यांना त्यांनी शीर्षासन शिकवलं होतं. म्हणजे ‘या वयात काय’ हा प्रश्न पुण्यातल्या माणसानं कधीच निकालात काढलेला आहे.

मग त्याच पुण्यात, आणि आपल्या प्रत्येक गावात, चित्र काय दिसतं?

बागेत गेलात की निधीतून बसवलेली ओपन जिम दिसते. पिवळी-निळी लोखंडी यंत्रं. त्यावर पोरं लोंबकळतात, चांगलंच आहे. पण वॉकर घेऊन आलेल्या आजोबांना त्यातलं एक तरी यंत्र वापरता येतं का, बघा. बाकांना पाठ नाही, हात नाहीत. हाताला आधार नसलेल्या बाकावरून गुडघे गेलेला माणूस उठणार कसा? म्हणून तो बसतच नाही, म्हणून तो बागेत येतच नाही. ज्येष्ठांसाठीचं विरंगुळा केंद्र कितीतरी ठिकाणी पहिल्या मजल्यावर. आणि लिफ्ट नसलेल्या जुन्या तीन मजली सोसायट्यांमध्ये वर्षानुवर्षं खाली न उतरलेली माणसं किती आहेत, ते आपापल्या जिन्यात मोजा.

कागदावर योजना आहेत, नाही असं नाही. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी १० खाटांचा कक्ष, फिजिओथेरपी, प्राथमिक केंद्रात आठवड्यातून एक दिवस ज्येष्ठांचा बाह्यरुग्ण विभाग, असं त्यात आहे. राज्यात २०२४ पासून मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. त्यात ६५ पूर्ण केलेल्या, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या माणसाला ३,००० रुपये थेट खात्यात मिळतात : चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा अशा वस्तूंसाठी. चांगली गोष्ट आहे. पण वस्तू दिली आणि ताकद राखायची सोय दिली नाही, तर वॉकरला काही महिन्यांनी कपडे वाळत पडतात. बहुतेक घरांत हेच बघितलंय मी, आमच्याही.

आणि दोष फक्त सरकारचा नाही. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला बसल्या जागी सगळं देणं हा मान आहे. आईला उठून पाणी घ्यावं लागलं तर लोक सुनेला नावं ठेवतात. पूर्वी निदान जमिनीवर बसणं-उठणं होतं, ताक घुसळणं, निवडणं-टिपणं, वाती वळणं होतं. म्हणून ते दिवस सोन्याचे नव्हते, बाया झिजून जायच्या. पण आता आपण एका टोकावरून दुसऱ्या टोकावर गेलोय. प्रेमापोटी माणूस निकामी करून ठेवतो.

*मागणी आणि थोडी सावधगिरी*

खुर्चीतला व्यायाम म्हणजे सगळं काही नव्हे, हेही सांगायला हवं. पडणं टाळायचं तर तोल सुधारावा लागतो आणि तोल बसून पुरेसा सुधारत नाही. ज्याला उभं राहता येतं त्यानं आधार धरून उभ्यानं करावं. न्यूझीलंडमध्ये ऐंशीवरच्या स्त्रियांना घरी जाऊन ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम शिकवले, तेव्हा त्यांचं पडणं कमी झालं, हे १९९७ मध्येच प्रसिद्ध झालंय. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्लाही तोच : पासष्टीनंतर आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकद. सोबत हेही की जेवढं जमेल तेवढं करा, काहीच न करण्यापेक्षा थोडंही बरं. खुर्ची ही पायरी आहे. ज्याला पुढची पायरी चढता येईल त्यानं चढावी, ज्याला नाही त्यानं याच पायरीवर मजबूत बसावं.

छातीत दुखणं, चक्कर, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा फ्रॅक्चर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. खुर्ची चाकांची नको, गुळगुळीत फरशीवर घसरणारी हलकी प्लॅस्टिकची नको. भिंतीला टेकवलेली, जड, पाय जमिनीला पूर्ण टेकतील एवढ्या उंचीची हवी. श्वास रोखून धरायचा नाही.

आता मागणी. मोठी नाही.

आपल्या वॉर्डात तळमजल्यावरचा एक हॉल, आठवड्यातून दोन दिवस, एक तास. वीस भक्कम खुर्च्या, शक्यतो हाताच्या. घोट्याला बांधायचे वजनाचे पट्टे. सुरुवातीचे काही महिने फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांकडून किंवा सरकारी दवाखान्यातून शिकवणारं माणूस. नंतर गट ज्येष्ठांनी स्वतः चालवायचा. एका ओपन जिमच्या खर्चात असे किती गट उभे राहतील, हा हिशेब पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्याकडे मागा. आणि बागेतल्या बाकांना पाठ आणि हात. बस्स.

सरकार येईपर्यंत थांबायची गरज नाही. प्रत्येक गल्लीत भजनी मंडळ आहे. हरिपाठाआधी पंधरा मिनिटं खुर्च्या मांडा. माणसं जमलेलीच असतात, टाळ हातात असतातच. ज्यांना ताल कळतो त्यांना व्यायाम कठीण नाही.

आईचं राहिलं. पाचवरून दहा, दहावरून वीस. मग पायाला वाळूची पुरचुंडी बांधली, अर्ध्या किलोची. दीड महिन्यानं ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन एकटी उठली. तीन महिन्यांनी वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत. पूर्वीसारखी झाली का? नाही. जिना अजून जमत नाही. पण परवा मी पाणी आणायला उठलो तर म्हणाली, “बस तू. मी घेते.”

आणि घेतलं तिनं. मी बसून राहिलो. फार अवघड गेलं, पण बसून राहिलो.

तुमच्याही घरात कुणी पलंगावर ‘आराम’ करत असेल तर आज संध्याकाळी डॉक्टरांना एवढंच विचारा : यांना खुर्चीत कधी बसवायचं? आणि तुमच्या भागात तळमजल्यावरचा हॉल रिकामा असेल तर कळवा. खुर्च्या मांडायला मी येतो.